पंप वर, दूध तळाला

मी, दत्ताराम भिकाजी लोके, वय वर्षे ७६, निवृत्त सारंग, म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम, राहणार मिठबाव, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, माझं डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असं लिहायला वकिलांनी सांगितलं. पत्नी सुगंधा समोर बसून ओले काजूगर सोलते आहे, तरीही तसं लिहितो.

१) हापूसची बेचाळीस कलमं सून अक्षया हिला द्यावीत. फवारणी, राखण, पेट्या भरणं सगळं तीच करते. मुलगा निलेश बागेत जातो तो मोहोराचे फोटो काढायला. त्याला देवगडातला दुकानगाळा, जो तो आजही नेकीने चालवतो.

२) माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळा गाव भाई म्हणतो, त्याने आमच्यामधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दोन हात माझ्या बाजूला सरकवला. सतरा वर्षं आम्ही त्यावरून बोलत नाही. ते दोन हात त्याला दिले. गडगा दर पावसात कोसळतो, तो यापुढे त्यानेच बांधावा.

३) दोर ओवायचे लोखंडी सुळे आणि जाड दोराची दोन वेटोळी आमच्या वाडीतल्या रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, द्यावीत. माझ्या घरात कोणाला धड गाठ मारता येत नाही, हे दुःख मी सोबत नेतो.

४) राहतं घर. हे वडिलार्जित नाही, माझ्या कमाईचं आहे, आणि त्याचं काय करायचं ते सांगण्यापूर्वी ते कशातून उभं राहिलं ते सांगणं भाग आहे.

वीसेक वर्षांपूर्वी आमचं जहाज एका लढाईच्या बंदरात गेलं. देशाचं आणि कंपनीचं नाव वकिलांनी खोडायला लावलं, माझी लिहायची तयारी होती. परकी फौज तिथे शिरली होती, का तर म्हणे लोकांचे हाल बघवत नाहीत. आमच्या जहाजावर मदतीचा मोठा फलक लावला होता. पोटात दूध पावडर आणि औषधं होती, आणि तेलाच्या धक्क्यासाठी पंप आणि नळ होते. आता, जहाजात जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवतात. दूध आम्ही पहिल्यांदा चढवलं होतं. म्हणजे पंप वर, दूध तळाला. फौज कशासाठी गेली हे मला कोणा पुढाऱ्याला विचारावं लागलं नाही.

त्या फेरीचा दुप्पट पगार मिळाला, त्यातून हे घर झालं. तेव्हापासून पडवीत बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत आलो, की ती मदतबिदत सगळं सोंग आहे, आधी व्यापार बघतात आणि मग माणूस. लोकांना ते पटायचं. मलाही ऐकायला बरं वाटायचं.

५) आता माझी नात, निलेशची मुलगी गौरजा, वय २५, शिकून नर्स झाली. एका मदत संस्थेने तिला निवडलं आहे. ती जाणार तिथेही परकी फौज उतरली आहे, लोकांना वाचवायला. निलेशने मोबाइलवर दाखवलं की फौजेच्या मागोमाग खाणवाल्या कंपन्या आल्या. ते खरंच असणार. मग त्याने माझंच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं, "सगळा सोंग आसा. आजोबांका विचार." आणि शेवटी म्हणाला, "गेलंस तर परत ह्या घरात पाय ठेव नको."

पोरगी रडली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "आजोबा, थंय खरांच कोणाचो काय उपेग झालो नाय?"

मी खोकल्याचं निमित्त करून आत गेलो. माझ्याच वाक्याने तिची वाट अडली होती. उत्तर इथे देतो.

६) त्या धक्क्यावर मदत छावणीतली एक केरळची सिस्टर रोज यायची. मोडक्या हिंदीत विचारायची, दूध कधी? पंप बाजूला सरकवून एका कोपऱ्यातून खाली वाट काढता आली असती. माझ्या माणसांना एक दिवसाचं काम होतं. मला ते येत होतं. मी कप्तानाला एकदा भीत भीत विचारलं, तो म्हणाला आधी पंप, आणि मी पुन्हा तोंड उघडलं नाही. सिस्टरला सांगितलं, होत नाही. पंप उतरायला सहा दिवस गेले. मग कप्तानाने कागद पुढे केला, "खराब हवामानामुळे दूध उतरवण्यास विलंब". समुद्र आमच्या तळीसारखा शांत होता. मी सही केली.

सातव्या दिवशी लाजेने मी स्वतः पाठीवर पोती घेऊन छावणीत गेलो. मुलांच्या तंबूत दोन खाटा रिकाम्या होत्या, चादरी घडी करून ठेवलेल्या. सिस्टर मला रागावली नाही. पोतं कुठे ठेवायचं ते दाखवलं आणि लगेच दूध कालवायला बसली. बाकीच्या खाटांवरची मुलं प्यायली. मी ती पिताना पाहिली. हे मी आजवर सुगंधालाही सांगितलं नव्हतं. त्या सिस्टरचं नावही विचारलं नाही.

सगळंच सोंग म्हटलं की माझी सही त्यात बुडून जाते, म्हणून मी वीस वर्षं ते म्हणत राहिलो. निलेश, व्यापारी लबाड होते, हे खोटं नाही. पण लबाडाने पाठवलेलं दूधही दूधच असतं. ते वेळेवर उतरवून घ्यायला धक्क्यावर कोणीतरी हट्टी माणूस उभं लागतं, आणि जहाजावर माझ्यापेक्षा बरा सारंग लागतो. गौरजा, तिथे आपला उपयोग होतो. जा. व्यापाऱ्यांवर मात्र डोळा ठेव.

७) म्हणून राहतं घर सुगंधाच्या हयातीपर्यंत सुगंधाकडे आणि तिच्यानंतर संपूर्णपणे गौरजाकडे जावं. ती गेली तरी, आली तरी, कधीही आली तरी. निलेश आणि अक्षया यांनी इथेच राहावं, पण ह्या घरात कोणी पाय ठेवायचा आणि कोणी नाही, हे ठरवणं निलेशकडे नाही. निलेश, तू भितोस म्हणून रागावतोस, हे मला कळतं. मीही भितो.

८) हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. गौरजा मंगळवारी निघणार. म्हणून रविवारी सकाळी पडवीत, सगळ्यांसमोर, मी ते वाचणार आणि त्यानंतरच सही करणार. कलम सहा वाचताना मला जमलं नाही तर पुढे गौरजाने वाचावं.

स्थळ: मिठबाव
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार

सही: दत्ताराम भिकाजी लोके

वरील मजकूर लिहिणाऱ्याने (कलम सहाचा शेवट त्यांच्या नातीने) आमच्यासमोर वाचून दाखवला व लिहिणाऱ्याने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार १: अजय सखाराम राणे, पोस्टमन
साक्षीदार २: किशोरी विनायक परब, अंगणवाडी सेविका

गरज नसताना तिसरी सही: निलेश दत्ताराम लोके. घराबाबत माझी हरकत आहे, ती मी बाबांशी बोलेन. मंगळवारी गौरजाला कणकवली स्टेशनवर मीच सोडणार आहे.