डोक्याला तेल लावून केलेला उपास

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज मी विचारायला बसले आहे की आपण होऊन मोडलेला उपास देवाकडे कसा धरतात. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारता आलं असतं, पण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तुला अर्धं ठाऊक आहे.

घोटावड्याला ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे लेंटमध्ये, तू दर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर असायचीस. तुला वाचता येत नव्हतं. बायबलातला मत्तयाचा सहावा अध्याय मीच चुलीपाशी बसून वाचून दाखवायचे. उपास करताना तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे उपास लोकांना दिसणार नाही, हे त्यातलं तू शब्दशः धरलंस. एरवी तेल दोन बोटांवर पुरवणारी तू शुक्रवारी मात्र चापून चोपून वेणी घालायचीस. त्यातल्याच एका शुक्रवारी शेजारची चाची खिरीचं पातेलं घेऊन दारात उभी राहते. लेकीला मुलगी झालीय म्हणते, पण दबकत. मी दहा वर्षांची, तोंडाळ. "आईचा उपास आहे, ती खाणार नाही." चाची पातेलं पदराखाली घेऊन मागे वळते, तर तू पिठाच्या हातानंच तिला धरतेस. "हिचं काय ऐकताय भाभी, आना हिकडं. नात कुणावर गेलीया?" आणि उभ्याउभ्या दोन वाट्या खीर खातेस. चाची गेल्यावर मला म्हणालीस, "तिसरी नात हाय तिची. सकाळधरनं गावात कुणी तोंड गोड केलं न्हाई. आन तू तिला माझा उपास दावतीस व्हय गं?" मारलं असतंस तर बरं वाटलं असतं.

हे एवढं आठवत असूनही मी काय केलं बघ. आता भूगावला मुलाकडे असते. सून लवळ्याच्या शेतकऱ्याघरची, हिंदू, हिंजवडीत नोकरीला. आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करते. मला सगळ्याची नोंद ठेवायची खोड, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लेंटच्या शुक्रवारांवर लाल फुल्या मारून ठेवल्या. पहिल्याच शुक्रवारी तिनं कामातून उठून माझ्यासाठी थालीपीठ लावलं. लग्नाला पाच महिने झाले, माझ्यासाठी म्हणून केलेलं हे पहिलंच. वर लोण्याचा गोळा. आणि मी बोट दाखवून म्हणाले, "एवढी लाल फुली दिसत नाही का तुला?" मुलगा तिथंच होता. ती "सॉरी आई" म्हणाली, ताट झाकून आत गेली. त्यानंतर तीन आठवडे ती खोलीतच लॅपटॉपसमोर जेवली. मुलगा म्हणतो, "तू तुझं पाळ, ती तिचं बघेल. वाद नको." वाद नव्हताच, आई. घरात बोलणंच नव्हतं. आणि माझे शुक्रवार मात्र एकेक करून बिनचूक पार पडत होते.

आज चौथा. दुपारी ती गॅसपाशी खिचडी हलवत होती. मी दारात जाऊन म्हटलं, "मलापण वाढ."

तिनं आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. पापड भाज दोन."

ती हसली नाही, पण पापड चार भाजले. खोलीत न जाता माझ्यासमोर बसली. पहिला घास घेतल्यावर म्हणाली, "मीठ जास्त झालंय ना? खरं सांगा."

"झालंय."

"लगेच सांगायला पाहिजे होतं का?" आणि मग हसली, तोंडाला हात लावून. लवळ्याला तिच्या आईच्या हातचं मीठही असंच सुटतं, वडील रोज बोलतात, आई रोज भांडते, असं बरंच सांगत बसली. मीटिंगला उशीर झाला तिला.

हे पत्र कुठं टाकायचं, वहीतच राहील. तुझी खीर आणि माझी खिचडी एका मापाची नाही, हे मला कळतं. तू समोरच्याचं मन मोडायच्या आत खाल्लंस, मी मोडून तीन आठवड्यांनी. खरं सांगायचं तर मी माफी मागायचं ठरवून उठले होते, दोन वाक्यं मनात घोळवलीही होती. ती काही तोंडातून निघाली नाहीत. पुन्हा वाढ म्हटलं, एवढंच.