पिवळं उद्गारचिन्ह

३ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुझ्या वहिनीला बोलता येत नाही, तेव्हा पत्राशिवाय गत्यंतर नाही. तिच्या गळ्याच्या ऑपरेशननंतर तू बसवून दिलेला कॉम्प्युटर गुरुवारपासून गप्प आहे. ती टाइप करते, पण तो काही बोलून दाखवत नाही. वायरी काढून लावल्या, स्पीकर पुसले, तीनदा बंद-चालू केलं. कॉम्प्युटरच्या भागांच्या यादीत एका ओळीपुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. आपोआप आलं असावं.

काळजी रविवारची आहे. नातीचा फोन आला की आम्ही रिसीव्हर स्पीकरसमोर धरतो. ती ऑपरेशननंतर जन्मलेली, तिची आजी म्हणजे तोच आवाज. काल नुसताच रिसीव्हर धरून बसलो. आजी कुठे गेली म्हणून पोर रडली, असं वहिनीनं मला वहीत लिहून दाखवलं आणि मग दिवसभर वही उघडली नाही.

नवा कॉम्प्युटर घेऊ का? कळव. लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा दादा

७ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. माझ्या दुकानात रोज दहा कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात आणि प्रत्येकाचा मालक आपोआप झालं म्हणूनच सांगतो. तू जन्मभर स्टोअरकीपर. बिनकामाचं फळीवर ठेवायचं नाही, हा तुझा बाणा. यादीत आवाजाची दोन नावं दिसली आणि एक जास्तीचं म्हणून काढून टाकलंस, खरं ना? त्यानंच आवाजाच्या भागाचा ड्रायव्हर गेला. त्या भागाकडून काम कसं करून घ्यायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा तो प्रोग्रॅम. तो नसला की भाग जागेवर असून नसल्यासारखा.

नवा कॉम्प्युटर मुळीच घेऊ नकोस. त्यातला आवाज वेगळा निघाला तर पोरगी ओळखायची नाही. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये ड्रायव्हर आहे. पिवळ्या खुणेच्या ओळीवर माउसचं उजवं बटण दाब, ड्रायव्हर अपडेट निवड, पेन ड्राइव्ह दाखव आणि शेवटी बंद करून सुरू कर. इतर कशालाही हात लावशील तर माझी शपथ!

रागावले नाही रे. मी दुकान काढलं तेव्हा सगळे हसले होते, एकटा तू पाठीशी उभा राहिलास. ते मी विसरलेली नाही. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी

१७ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. या वेळी पत्र माझं, कारण तुमचे दादा तोंड लपवून बसलेत. दोन आठवडे मी वहीत लिहून विचारत होते आणि हे कानांवर हात ठेवत होते. तुमचं पत्र वाचलं आणि मुकाट्यानं कबूल झाले.

मधला आणखी एक रविवार तसाच गेला. शनिवारी पेन ड्राइव्ह आला. यांनी पत्रातल्या प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, जणू मालच उतरवून घेत होते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि पिवळी खूण गेली. मी पहिलं वाक्य यांच्यासाठी लिहिलं. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाजलं. हे हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत बसले.

वन्सं, गळा गेला तेव्हा मी धरून चालले होते की आपलं बोलणं संपलं. ते तुम्ही एकदा नाही, दोनदा परत दिलंत. तुमचे उपकार कसे फेडू?

काल फोन वाजला. मी नातीचं लाडाचं नाव तेवढं टाइप केलं. पलीकडे पोरगी घरभर धावत आईला ओरडून सांगत सुटली की आजी आली, आजी घरी आली.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची वहिनी