धाकटीच्या उत्तराविषयीचे कलम

मी, खाली सही करणारी, पदवी महाविद्यालयातील अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, डोळे वगळता बाकी सर्व शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणेल असा माणूस या घरात टिकलाच नाही) हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वी केलेले नाही. मला दिसत कमी असल्यामुळे मजकूर मी सांगत आहे आणि धाकटी, म्हणजे माझी मुलगी, लिहून घेत आहे. तिला बजावले आहे की मध्ये जे बोलणे होईल तेही लिहायचे, गाळायचे नाही, तिच्याविषयीचे असले तरी. मी वर्गात नोट्स सांगायचे तेव्हा पहिल्या बाकावर बसून हीच सगळ्यांत सुवाच्य लिहायची. त्यातले समजायचे किती, तो भाग निराळा.

या वेळी हजर आहेत ते असे: वकील, जे माझे विद्यार्थी होते आणि माझ्याच विषयात अडकल्यामुळे कायद्याकडे वळले; आणि साक्षीला शेजारचे दातांचे डॉक्टर व आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई.

कलम पहिले. माझ्या नोट्स. या मी नोकरीला लागल्या वर्षी काढल्या आणि निवृत्त होईपर्यंत याच सांगितल्या. प्राचार्यांनी एकदा भीतभीत विचारले होते, "मॅडम, नोट्स जरा नव्या करता येतील का?" मी विचारले, "का, मागणीचा नियम बदलला का?" बदलला असल्यास मला अजून कोणी कळवलेले नाही. सर्व नोट्स जाळून टाकाव्यात. धाकटीला देऊ नयेत. ती त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर पोरांकडून चित्रे काढून घेईल.

कलम दुसरे. बँकेतील ठेव. तिच्या व्याजातून दरवर्षी प्रथम वर्षाला अर्थशास्त्रात सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्याला बक्षीस द्यावे. अट एकच: त्याने हा विषय पुन्हा घेऊ नये. पहिल्या येणाऱ्याला काही देऊ नये. पहिला येणारा बहुतेक वेळा पाठांतरानेच आलेला असतो, आणि त्याला ते ठाऊक असते.

कलम तिसरे. माझे लाल पेन आमच्या विभागातील गाईडवाल्या सरांना द्यावे. हे सर वर्गात कमी आणि छापखान्यात जास्त दिसत. त्यांच्या गाईडात एका वर्षी मागणीचा वक्र उलटा छापला गेला. भाव वाढला की खप वाढतो, असा. परीक्षेत निम्म्या वर्गाने तो तसाच काढला. मी सगळ्यांना आडवे केले. पुढच्या वर्षी गाईडाचा भाव वाढला आणि खपही वाढला. तेव्हा हा गृहस्थ शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बघा मॅडम, वक्र बरोबरच होता." सगळे हसले. ते हसणे मी विसरलेले नाही. त्यांनी हे पेन वापरावे आणि आपले गाईड एकदा तरी स्वतः तपासावे.

कलम चौथे. आमच्या ह्यांची आरामखुर्ची दातांच्या डॉक्टरांना. ते रोज संध्याकाळी येऊन तिच्याकडे बघत बसतात. आज साक्षीलाही त्याच आशेने आले असावेत.

(डॉक्टर म्हणाले, "तसं काही नाही हो." खुर्ची नको मात्र म्हणाले नाहीत.)

कलम पाचवे. राहते घर. हे माझ्या नावावर आहे. ते धाकटीला मिळावे अशी आमच्या ह्यांची जाईपर्यंत इच्छा होती. नुसत्या इच्छेला मागणी म्हणत नाहीत, तिच्यामागे क्रयशक्ती लागते, हे मी पहिल्याच तासाला शिकवत असे. ह्यांनी इतकी वर्षे माझ्याबरोबर काढून तेवढेही शिकून घेतले नाही.

मला मुले दोन. थोरला परगावी असतो आणि व्यवहारात हुशार आहे. लहानपणी त्याने धाकटीची सायकल तिलाच भाड्याने दिली होती. मला तेव्हा त्याचे कौतुक वाटले होते, अजूनही वाटते. धाकटी माझ्याच कॉलेजात माझाच विषय तासिकेवर शिकवते. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की हवा खायची. ती याच घरात वरच्या मजल्यावर राहते आणि माझे सगळे करते. चांगले करते. हे मी आजवर तिला सांगितले नव्हते, आज तिच्याच हातून लिहून घेतले.

आता मूळ मुद्दा. मागे एकदा, मला अजून बऱ्यापैकी दिसत होते तेव्हा, मी तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर एक रेघ नाही. पोरांच्या जोड्या लावलेल्या, आणि जोडीतल्या एकाच्या हातात मूठभर गोळ्या. त्याने वाटणी सुचवायची, एकदाच. दुसऱ्याने हो म्हटले तर दोघांना मिळणार, नको म्हटले तर दोघांच्याही जाणार. घासाघीस नाही. काहीच नसण्यापेक्षा एक गोळी बरी, म्हणून विवेकी माणूस ती घेतो, असे माझ्या नोट्समध्ये स्पष्ट आहे. तिथे एका मुलीला एकच गोळी देऊ केली तर ती म्हणाली, "नको, ठेव तुझ्याकडेच," आणि दोघेही रिकाम्या हातांनी बसले. त्यावर आमची धाकटी आनंदाने सांगते, "पुस्तकातला माणूस हो म्हणाला असता. ही नको म्हणाली. का, ते आज आपण शिकायचं."

मला राहवले नाही. मी उठून म्हटले, "गोळ्यांवर कोणीही मानी होतं! खरं काहीतरी ठेव समोर. डोक्यावरचं छप्पर ठेव, मग बघते कोण नको म्हणतंय." सगळा वर्ग हसला. धाकटी लालबुंद झाली. त्या दिवशी घरी येऊन तिने नेहमीप्रमाणे माझ्या डोळ्यांत थेंब घातले.

तर मी छप्पर ठेवीत आहे. माझ्या पश्चात थोरल्याने या घराची वाटणी धाकटीला सुचवावी, एकदाच. तिने हो म्हटल्यास त्याप्रमाणे दोघांनी घ्यावे. नको म्हटल्यास घर दोघांनाही न मिळता गाईडवाल्या सरांना जावे.

(येथे लिहिणे थांबले.

"आई, त्यांना?"

"लिही."

वकील म्हणाले, "मॅडम, हे जरा जास्तच होतंय."

"तुम्ही माझ्या पेपरात एकदा राहिलात की दोनदा?"

लिहिणे पुन्हा सुरू झाले.)

गाईडवाले सर या घरात पाऊल टाकतील या कल्पनेनेही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणूनच त्यांना निवडले. तोटा अंगावर येईल असाच हवा. थोरला काय देईल तेही मला ठाऊक आहे: जिन्याखालची खोली, जिथे आता रद्दी आहे. आणि धाकटी ती घेईल. न घेऊन जाईल कुठे? तासिकेच्या पैशांत तिला या गावात उभे राहण्यापुरती जागाही भाड्याने मिळणार नाही. ती जिन्याखाली राहील, त्याच्या पायांचा आवाज डोक्यावर ऐकेल, आणि रोज वर्गात शिकवायला उभी राहील तेव्हा तिला पटेल की नोट्स बरोबर होत्या.

("आई, उत्तर कधी द्यायचं?"

"त्याने वाटणी सुचवल्यावर."

"आधी दिलं तर?"

"आधी कोणी देतं का, वेडे?"

तिने वकिलांना विचारले. वकील म्हणाले, "हक्क सोडायचा असेल तर केव्हाही लिहून देता येतं.")

कलम सहावे. हे कलम आईने सांगितलेले नाही, मी लिहीत आहे. मी, वरील सर्व मजकूर लिहून घेणारी, शुद्धीवर असून माझे उत्तर आजच देते. भाऊ जिन्याखालची खोली देवो की अख्खे घर देवो, नको. या घरावर मी पाणी सोडले आहे. ते पुढे कोणाला जाते याच्याशी मला कर्तव्य नाही.

कलम सातवे. येथून माझे अक्षर. ओळी वाकड्या आल्यास वाचणाऱ्याने मान वाकडी करावी.

तिने सहावे कलम मोठ्याने वाचून दाखवले. मग पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "खरं काही ठेव म्हणाली होतीस. ठेवलंस. आता झालं ना तुझं?" आणि वर गेली.

वकील म्हणाले, "मॅडम, अजून सही झालेली नाही. पाचव्या कलमावर एक रेघ मारा, विषय संपला. मी वर जाऊन तिला सांगतो." ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मारा हो रेघ! त्या माणसाला हे घर? लोक काय म्हणतील?"

मला फार राग आला होता. नंतर डोळ्यांतून पाणी आले. औषधामुळे असेल असे डॉक्टर म्हणाले, पण ते दातांचे डॉक्टर आहेत.

रेघ मारली तर माझी धमकी पोकळ होती असे ठरेल, आणि उद्या ती वर्गात तेच शिकवील. न मारली तर गाईडवाले सर या खोलीत, या टेबलाशी बसून उलटे वक्र काढतील. दोन्ही मला सारखेच असह्य आहे. शिवाय अख्खे घर दिले तरी नको, असे तर तिच्या गोळ्यांच्या खेळातही कोणी म्हणाले नव्हते. ते कशात बसते हे मला सांगता येत नाही. पण मी लिहिलेले कधी खोडलेले नाही. कलम पाचवे राहील.

हे लिहीत असताना ती बॅग घेऊन खाली आली. दारातून म्हणाली, "थेंब फ्रिजच्या दारात आहेत. निळं झाकण सकाळचं, हिरवं रात्रीचं. अदलाबदल करू नकोस."

मी म्हटले, "मला झाकणांचे रंग दिसत नाहीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि दार ओढून घेतले.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरे झाले. ते मी पुन्हा वाचून पाहिलेले नाही. वाचून दाखवणारी निघून गेली.

सही: (वकिलांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी)
लेखनिक: कलम सहापर्यंत मुलगी
साक्षीदार: १. शेजारचे दातांचे डॉक्टर २. ग्रंथपालबाई ("नाइलाजाने" असे त्यांनी सहीखाली लिहिले आहे)
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: प्रथम वर्षाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी