पाकीट जाड आहे

८ जुलै १९८६
घाटावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून परत. एसटीत अंग आंबलं. निकाल: इलेक्ट्रॉनिक्सला वेटिंग लिस्ट, नववा नंबर. सिव्हिलची सीट हातात होती. क्लार्कने समजावलं की सिव्हिल घ्या, पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, मार्क पडले तर दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळते. मात्र सिव्हिल घेतलं की वेटिंगमधून नाव कट.
दोन मिनिटांत निर्णय घेतला. सिव्हिल सोडलं. मागच्या दाराने आत शिरणं माझ्या स्वभावात नाही.

९ जुलै
आईला वेटिंग म्हणजे काय ते समजावलं. म्हणाली, "म्हणजे मिळूक नाय." म्हटलं, मिळालंय, फक्त कळायचंय.
लीला (धाकटी बहीण, दहावीत, तोंड फार) विचारते, "आणि नाय मिळाला तर खंय जातलस?" सावंतवाडीला बी.एस्सी.त फिजिक्ससाठी नाव लागलंय. १६ ऑगस्टपर्यंत जाऊन प्रवेश पक्का करायचा. अर्थात गरज पडणार नाही.

१२ जुलै
इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर पत्ता भाईकाकांचा, मुंबईचा दिलाय. मुद्दाम. मुंबईचा पत्ता दिसला की ऑफिसातले लोक जरा सावरून बसतात. शिवाय आमचा पोस्टमन गंगाराम छत्री स्वतःवर धरतो आणि पिशवी पावसात, असा माझा संशय आहे.
काकांना सविस्तर पत्र लिहिलं. कॉलेजचं पाकीट आल्यास उघडू नये, पोस्टात तर मुळीच टाकू नये, गावी येणाऱ्या भरवशाच्या माणसाच्या हातीच पाठवावं. पत्र टाकायला गंगारामकडेच दिलं. पत्ता वाचला त्याने. उघड उघड.

२१ जुलै
रोज सकाळी एसटी स्टँडवर जातो. मुंबईची गाडी येते. कोंबडी घेऊन एक म्हातारी उतरली. पाकीट नाही.

२ ऑगस्ट
बाबा रेडीहून आले. महिन्यातून एकदाच तिथल्या खाण कंपनीच्या ऑफिसातून सुटतात. जेवताना एवढंच म्हणाले, "सोळा तारीख विसरू नको." हो म्हटलं. माणसाने एकाच गोष्टीवर लक्ष ठेवावं, हे त्यांना कोणी सांगायचं?
संकल्प: उद्यापासून इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक रोज वीस पानं.

३ ऑगस्ट
चार पानं. लाइट गेले.

९ ऑगस्ट, दुपार
भाईकाकांचं कार्ड. 'सर्व कुशल. तुझे कॉलेजचे पाकीट आले आहे. सांगितल्याप्रमाणे जपून ठेवले आहे. काळजी नसावी.'
कार्ड आईला वाचून दाखवलं. 
आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता तार कर. भाईंक सांग, फोडून बघा म्हणान." तार नाही करणार. तार पोस्टातले चार जण आधी वाचणार, मग आमचं सगळं जामसंडे गाव. शिवाय पाकीट सुरक्षित आहे म्हणजे सीटही सुरक्षित आहे. काकांना पत्र मात्र लिहिलं: पाकीट जाड आहे की पातळ, एवढंच कळवावं. नकाराला एक कागद पुरतो. प्रवेशाला फॉर्म लागतात.
गंगाराम पत्र घेताना म्हणाला, "तुझी बाकीची पत्रां पोचतत मां? मगे त्याच पाकिटाक काय पाय फुटतत?" 

१४ ऑगस्ट
पाऊस. स्टँडवर जाऊन आलो. पाकीट नाही. 

१५ ऑगस्ट
आई सारखी म्हणते, उद्या सावंतवाडीक जा. गाडी पहाटेची आहे. घड्याळाला गजर लावला.

१६ ऑगस्ट
गजर झाला. उठून बसलो. बराच वेळ विचार केला. सावंतवाडीला सही केली म्हणजे माझाच माझ्यावर विश्वास नाही असं होईल. परत झोपलो. झोप लागली नाही.
आईने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलंय. चहा लीलाच्या हाती पाठवते.

१८ ऑगस्ट
काकांचं उत्तर. 'पाकीट जाड आहे.'
जिंकलो. आईला दाखवलं. तिने देवापुढे साखर ठेवली, तरी चेहरा तसाच. लीला म्हणाली, "दादा, जाड पाकिटात लग्नाची पत्रिकापण येता." हॉस्टेलला न्यायच्या वस्तूंची यादी करायला घेतली. ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर कुठे मिळतो?

५ सप्टेंबर, संध्याकाळ
चतुर्थीसाठी भाईकाका आले. ट्रंक उतरवायच्या आधीच मी पाकीट मागितलं. त्यांनी घाम पुसत कुलूप काढलं. गणपतीच्या मखराचे कागद, मिठाईचा डबा, धोतर, आणि धोतराच्या घडीत पाकीट. एकही कोपरा दुमडलेला नाही.
आत हॉस्टेलचा फॉर्म, मेडिकल सर्टिफिकेटचा फॉर्म, आणि पत्र. इलेक्ट्रॉनिक्सला जागा रिकामी झाली आहे. १४ ऑगस्टपर्यंत हजर व्हावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.
दोनदा वाचलं. मग लीलाने हातातून घेऊन मोठ्याने वाचलं.
काकांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मग मला म्हणाले, "तूच लिवलंस मां, भरवशाच्या माणसाच्या हातीच धाडा म्हणान. माझ्यापरास भरवशाचो माणूस खंय गावतलो?"
 आईने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

७ सप्टेंबर
गणपती बसले. आरतीला मी नुसता टाळ वाजवला. पुढचा उमेदवार म्हणजे वेटिंगचा दहावा नंबर. तो कुठला असेल? त्याने पत्ता कुठला दिला असेल?

११ सप्टेंबर
बाबा रजा काढून सावंतवाडीला गेले होते. ऑफिसबाहेर तीन तास उभे होते, हे लीलाकडून कळलं. फिजिक्सचा ग्रुप भरला. बॉटनीच्या ग्रुपमध्ये कोणी सोडलं तर कळवतील. मला म्हणाले, "पत्ता हयलोच दिलंय." म्हणजे इथला, घरचाच, गंगारामच्या हद्दीतला.

१९ सप्टेंबर
सावंतवाडीचं पत्र आलं. बॉटनीत घेतलंय, सोमवारी हजर राहायचं.
पाकीट पातळ होतं. परवा टाकलेलं, आज पोचलं. बाहेर धो धो पाऊस. गंगाराम डोक्यापासून पायापर्यंत भिजला होता. पाकीट कोरडं.