फुशारकीची शिष्यवृत्ती

नाही ऑस्बर्न, घर तुला नाही. ते विकून तुझ्या कीझायाची फी भरायची, हे तुझं म्हणणं मी ऐकलं, कालही ऐकलं होतं. आता बस खाली. वकीलसाहेब, तुम्ही लिहा. हेसुद्धा लिहा.

मी, अर्डिथ मे प्रोव्हो, वय त्र्याहत्तर, राहणार पाइन नॉल, नोव्हा स्कोशिया, धंद्याने जमीन मोजणारी, आता निवृत्त. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारा अजून जन्मायचाय. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत काढाल, म्हणून आज हे करून टाकते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या आईने, आजीने, पणजीनेही नाही, कारण करताच येत नव्हतं. आम्हा काळ्या लोकांना इंग्लंडच्या राजाने इथली खडकाळ जमीन दिली, पण कागद दिला नाही. दोनशे वर्षं आम्ही ती कसली, तिच्यात आपली माणसं पुरली, आणि कागदावर आम्ही कोणीच नाही. म्हणून मी मोजणी शिकले. अख्खी वस्ती मोजली, कोर्टात उभी राहिले, आणि ज्याची जमीन त्याच्या नावावर करून घेतली. तेव्हा आमच्या घराण्यातलं हे पहिलं मृत्युपत्र आहे. अक्षर चांगलं काढा.

एक. माझी मोजणीची दुर्बीण, तिची तिपाई आणि लोखंडी साखळी वस्तीच्या मालकीची. संग्रहालयाला द्यायची नाहीत. ते काचेत ठेवतील आणि खाली माझं नाव चुकीचं लिहितील. थोरल्या आणि धाकट्या बंडी भावांचं कुंपणावरून भांडण लागलं की बाहेर काढायची. लागणारच. थोरला खोटा आहे, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

दोन. ऑस्बर्न, माझ्या भावाचा मुलगा, याला ट्रक, मोठा फ्रीझर आणि त्यातल्या सगळ्या ब्लूबेरी. खारवलेल्या कॉड माशाची माझी कृती मात्र त्याला सांगायची नाही. तो त्यात साखर घालतो.

तीन. घर. घर आणि खालची जमीन कधीही विकायची नाही. एवढं मरमर करून मिळवलेली जमीन एका पोरीच्या फीसाठी गेली, तर दुसऱ्या पोरीला काय देणार? घर भाड्याने द्यायचं आणि भाड्यातून दर वर्षी दोन पोरांना विद्यापीठात प्रवेश घेताना शिष्यवृत्ती द्यायची: पहिल्या वर्षाची फी आणि खोली. एक पोर आमचं काळं, एक मिगमॉ, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं. मिगमॉ का, असं आमच्या चर्चमधले काही जण विचारतील. राजाने आम्हाला जमीन दिली. राजाकडे कुठून आली? इथे बसलेल्या या माझ्या मैत्रिणीच्या, मॅडलिनच्या लोकांकडून. मग अर्धा वाटा तिकडे नको जायला?

चार. अर्जात निबंध मागायचा नाही. याचं कारण सविस्तर लिहा.

कीझाया, ऑस्बर्नची मुलगी, सतरा वर्षांची. गेल्या हिवाळ्यात शिष्यवृत्तीचा अर्ज मला दाखवायला आली. त्यात विचारलं होतं, कोणत्या संकटांवर मात केलीत. हिने लिहिलं, बाप दारू पितो.

मी म्हटलं, "अगं, तुझा बाप चर्चमधला द्राक्षाचा रससुद्धा हुंगून पितो!"

"आजी, मला माहितीये गं. पण घरी सगळं नीट आहे असं लिहिलं की कोणी देत नाही. सगळेच लिहितात. माझ्या वर्गातल्या टियानाने तर अर्जात जिवंत भावाला मारून टाकलं."

तो कागद ऑस्बर्नच्या हाती पडला. ओट्याशी उभा राहून त्याने वाचला, घडी घातली, परत ठेवला. चर्चमध्ये ऑर्गन तोच वाजवतो; पुढच्या रविवारी ऑर्गनवर कोणी नव्हतं. पोरीने अर्ज फाडला. आता डोनटच्या दुकानात कामाला असते, आणि घरात दोघं एकमेकांशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतात.

माझ्या वेळी निबंध नव्हता, जेवण होतं. शिष्यवृत्ती देणाऱ्या शेठ लोकांसमोर आम्हाला आईबापांसकट बसवायचे. एका बाईंनी उठून माझी ओळख करून दिली: बिचारीच्या घराचं छप्पर गळतं, तरी शिकते. माझे बाबा शेजारी बसलेले, दुसऱ्याचा टाय घालून. वस्तीतली सगळी छपरं त्यांनी घातलेली. ते उठले.

"बाई, छप्पर माझ्या हातचं आहे. तुम्ही या, पाऊस घेऊन या. एक थेंब पडला तर हिची फी मी भरतो."

शेठ लोक आपापल्या ताटात बघायला लागले. फक्त मागच्या टेबलावर एक मिगमॉ पोरगी खदाखदा हसली. ती मॅडलिन. तिला या मृत्युपत्रात काही देत नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही. मी म्हटलं, साक्षीदार होऊ नकोस, काहीतरी घे. म्हणाली, "तुझ्या गंजक्या साखळीचं मी काय लोणचं घालू?"

तर निवड अशी. जूनमधल्या एका रविवारी आमच्या चर्चमध्ये पास झालेल्या पोरांना पुढे उभं करतात. पोरांनी बोलायचं नाही. आत्या, मावश्या, काका उठतात आणि त्यांची फुशारकी मारतात; पोरं लाजून अर्धमेली होतात. शिष्यवृत्तीलाही तेच, फक्त जेवण ठेवून. अर्जदाराने गप्प बसून जेवायचं आणि त्याच्या माणसाने उठून बोलायचं. थोडं खोटं चालेल, पण चांगलंच खोटं हवं. एका वर्षी ईल मासा आणि मॅडलिनच्या पद्धतीचा पाव, एका वर्षी आमचं जेवण.

पाच. विद्यापीठाच्या देणगी खात्याचे पेनीफील्ड साहेब मला म्हणाले, "मॅडम, पण मग गरज कशी ठरवायची?" साहेब, फीच्या पावतीवर आकडा छापलेला असतो. त्याला पोराचा बाप कशाला लागतो? या अटी विद्यापीठाला मान्य नसतील तर आमचं चर्च आणि मॅडलिनच्या लोकांची कौन्सिल मिळून शिष्यवृत्ती चालवतील, आणि पोरं हव्या त्या विद्यापीठात जातील.

वर लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी मी ओरडले, ते दुरुस्त झालं. आम्ही तिघांनी एकमेकांच्या डोळ्यांदेखत सह्या केल्या.

अर्डिथ मे प्रोव्हो

साक्षीदार:
मॅडलिन नॉकवुड, निवृत्त शिक्षिका
डेसमंड ग्रॉस, वकील

डार्टमथ, नोव्हा स्कोशिया
१७ सप्टेंबर २०२४

सहीच्या खाली लिहिलेलं कोर्ट धरत नाही म्हणे. म्हणूनच हे इथे, माझ्या हाताने. ऑस्बर्न, पहिल्याच वर्षी कीझाया अर्ज करणार आहे. तिच्यासाठी मी उठले असते, पण मी नसेन. तू उठायचंस. मघाशी बाहेर म्हणालास, "आत्या, पोटच्या पोरीने मला दारुडा लिहिलं." लिहिलं. तिला शिकायचं होतं, आणि त्या शिष्यवृत्तीवाल्यांनी तिच्याकडे विकायला दुसरं काही मागितलंच नाही. कोर्ट तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही, मीही नाही. पण त्या दिवशी ती गप्प बसून जेवत असेल, आणि तिच्या बाजूने बोलायला खोलीत दुसरं कोणी नसेल.

खांद्यावरून वाचतोयस ते कळतंय; "आत्या, पण" नको. मॅडलिन, किल्ली दे गाडीची. मी निघाले.