डाव्या हाताला नाडी नाही

४ जानेवारी
माझ्या पोरीच्या, दिपालीच्या, डाव्या हाताला नाडी लागत नाही. गेल्या साली बीपीचं मशीन त्या हातावर चालेना, तर मी मशीनच खोललं! पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून जिंतुरात दुकान उभं केलेला माणूस — खराबी यंत्रातच दिसणार.
आज संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर तिची छाती दाखवली. फुप्फुसाला अन् डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून सुजून अरुंद झाल्यात. धाप त्याचीच. अन् वर्षभर आम्ही तिला आळशी म्हणत होतो.
गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, जिवावर बेतेल — डॉक्टर दोनदा म्हणाले.

५ जानेवारी
काही वाटत नाही. तीन मोटारी भरल्या.

११ फेब्रुवारी
धाप कमी आहे. गोळ्यांनी तोंड गोल झालंय. शेजारच्या सरजाबाई म्हणाल्या, पोरगी अंगानं भरली. मी हसलो.

१८ फेब्रुवारी
पेडगावचे सूर्यभानराव पोराला, अमृतला, घेऊन दिपालीला बघायला आले. मी दोन किस्से सांगितले, बैठक हसली. त्यांच्या मंडळींनी विचारलं, जिना चढून पोरगी इतकी का दमली? उपास हाय, म्हणालो. तिला काहीच आजार न्हाई. पसंती झाली.
नंतर ताटावर बसलो. चव लागली नाही.

२ मार्च
रोज सकाळी स्वयंपाकघरात गोळीचं पाकीट कडकन फुटतं. चार दिवस झाले, तो आवाज नाही. बेअरिंग गेलेलं रस्त्यावरून ऐकू येतं मला, अन् घरातलं हे ऐकून चार दिवस गप्प बसलो.
आज विचारलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही.
"तुमीच त्यांला सांगितलं ना आबा, पोरीला काई न्हाई. मंग काई नसलेल्यानं गोळ्या कशाला खायच्या?"
डॉक्टरांना फोन लावला. आत्ताच्या आत्ता सुरू करा, उद्या घेऊन या, म्हणाले. दिपाली ऐकेना. आधी पेडगावला खरं सांगा म्हणे. सासरी चोरून गिळायच्या असतील तर नकोतच.

२ मार्च, दुपार
सूर्यभानरावांना फोन करून सगळं सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या अमृतला फीट येती, पाव्हनं. आमीबी लपवलं."
दिपाली दारात उभी होती. मी तिला सांगितलं.
"त्यांला इचारा," ती म्हणाली, "ते तरी गोळ्या घेतेत का?"