गजरात झांज नाही

बुवा,

रविवारी सावंतवाडीत माझी रचना वाजणार आहे. पाच वादक, बारा मिनिटं. त्याआधी तुमच्या त्या लाडक्या शिष्याला मला एक खरी गोष्ट सांगायची आहे आणि जीभ काही रेटत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तुमच्यापुढे तरी एवढं जड जाऊ नये.

लाडका म्हटलं की तुम्ही चिडायचात, पण होताच तो. वेंगुर्ल्याच्या बाजारातलं तुमचं शिवणकामाचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. कापड बेतायच्या फळीवर पेटी, तिच्यापुढे मी, खाली गोणपाटावर झांज घेऊन तो, आणि तुम्ही पाठमोरे मशीनवर. कोणी चुकलं की तुम्ही बोलत नाही, नुसतं मशीन थांबतं. कोण चुकलं हेही सांगत नाही, आणि बहुतेक वेळा मीच चुकलेली असते. पंधरा वर्षांची होते तेव्हा. एकदा अख्खा अभंग एका दमात पेटीवर काढला आणि कौतुकाची वाट बघत बसले. तुम्ही दातांनी दोरा तोडलात आणि म्हणालात, "तुका वाजवूक येता गो. तेका आयकाक येता." झालं. तुम्ही पुन्हा पायडल मारायला लागलात. मागच्या घरातून काकींनी गरम घावणे आणले होते. रागाने मी तोंड लावलं नाही, तर त्याने माझ्या वाटणीचेही खाल्ले.

पुढे पेटी तुम्ही मलाच दिलीत, हे मान्य. तीही सगळ्या मंडळींसमोर. त्याच्या वाट्याला ती जुनी झांज, एका ताटलीला चीर गेलेली. कोणीही म्हणेल, हिला अजून काय हवं? पण आजारपणात मी पेज घेऊन यायचे, तुम्ही दोन घोट घ्यायचात आणि दाराकडे बघत विचारायचात, "तो इलो नाय?" बुवा, तेव्हा माझ्या पोटात जे दुखायचं त्याला औषध नव्हतं. तुम्ही गेलात त्या वर्षी गणपतीत, चवथीला घरोघरच्या भजनांचं सगळं मंडळींनी त्याच्या विचाराने ठरवलं. मला नुसता निरोप आला. ताप आहे असं कळवून मी गेलेच नाही.

आता चाळिशी उलटल्यावर मी रचना शिकायला लागले आहे. दर शनिवारी एसटीने फोंडाघाट चढून कोल्हापूरला जाते. सरांनी मोजक्या वाद्यांसाठी काहीतरी लिहायला सांगितलं, तेव्हा मी आपलं भजनच घेतलं. पेटी, पखवाज, बासरी, व्हायोलिन. झांज मला नको होती. सर म्हणाले, भजनावर उभी रचना आणि झांज नाही? आणि चांगली झांज वाजवणारा आपल्या मंडळींत एकच. बर्फाच्या कारखान्यातून रजा काढून तो आला. पहिल्याच तालमीत बासरीवाली म्हणाली, "ह्यांच्यामुळे कसा आधार वाटतो!" रचना माझी, पेटीवर मी, आणि आधार ह्यांचा.

घरी येऊन मी खोडरबर घेतला. पहिल्या सुधारणेत मधल्या भागातली झांज गेली. दुसऱ्या वेळी सुरुवातीची. सरांना सांगितलं, जरा हलकं करतेय. तिसऱ्या वेळी फक्त शेवटच्या गजरातली उरली होती, तीही काढली. गजर, बुवा! जिथे लय चढते, सगळी माणसं एका आवाजात गायला लागतात, तिथे मी झांजवाल्याला हातात झांज देऊन नुसतं बसवून ठेवलं. आपल्याकडे असं कोणी करत नाही. तिरफळं न घालता बांगड्याचं तिखलं करावं तसं ते. त्याने कागद बघितला आणि "बरा" एवढंच म्हणाला.

तालमीत गजर आला तेव्हा पखवाजवाला झांजेची वाट बघत किंचित मागे राहिला. आम्ही बाकीचे तसेच पुढे वाजवत गेलो. संपल्यावर सर म्हणाले, "आता झाली रचना. ही मोकळी सोडलेली जागाच तिचा प्राण आहे." मी मान खाली घालून कौतुक घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तो झांज फडक्यात गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, "गो, तुका ह्या कोणी सांगल्यान?"

"काय ता?"

"बुवा गेले त्या चवथीक गजराक माझो हातच उठाक नाय. झांज घेवन तसोच बसलंय. लोक आपले गायत रवले. ताच तू हेच्यात घातलंस मां?" त्याचे डोळे भरले होते. "रविवारी वाजवच्या आधी मी लोकांक सांगतंय."

आणि मी म्हटलं, "होय."

त्याला चार दिवस झाले. रोज सकाळी फोन हातात घेते आणि ठेवते. सांगितलं तर तो रागावणार नाही, हे मला माहीत आहे. तो हसेल, झांज तशीच धरून बसेल, आणि वर मलाच समजावील. ते मला सोसणार नाही. म्हणजे मी सांगणार नाही. रविवारी तो लोकांसमोर उभा राहून माझी स्तुती करेल, मी पेटीमागे बसून ऐकेन. हे पत्र मी फाडून टाकणार आहे.

एकच राहिलं. तो डोळे पुसत होता तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच, पूर्वीपेक्षाही जास्त. तुमच्यासाठी त्याचा हात थांबला होता. ताप वगैरे काही नव्हता, बुवा. त्या संध्याकाळी मी दार लावून तुमची पेटी वाजवत होते, चांगली तासभर, आणि एकदाही अडखळले नाही.